इंग्रजी, माध्यमं आणि वीस संगणक

आमच्या विभागाची पाटी एका उन्हाळ्यात बदलली. एप्रिलमध्ये 'इंग्रजी विभाग' या पाटीखालच्या दाराला मी कुलूप लावून घरी गेले आणि जूनमध्ये परत आले, तर त्याच दारावर 'इंग्रजी, माध्यम व संज्ञापन विभाग' अशी पाटी होती. कुलूप तेच होतं. आतल्या मोडक्या खुर्च्या त्याच होत्या. शिकवणारी मीही तीच होते, पण तेवढं चालवून घेतलं गेलं.

कारण साधं होतं. नुसतं इंग्रजी शिकायला कोणी येईनासं झालं होतं. शेवटच्या तुकडीत सात मुली आणि एक मुलगा होता, आणि तो मुलगाही त्या सात मुलींमुळेच होता. नुसते पोहे खपेनात म्हणून वर तर्री ओतावी, तशी मग इंग्रजीवर माध्यमं ओतली गेली. गिऱ्हाईक लगेच वाढलं. प्रवेशाच्या दिवसांत मी टेबलावर बसायची. एका वडिलांनी मला विचारलं, "मॅडम, याच्यात पोरगी टीव्हीवर दिसन का?" मी म्हटलं, "आधी इंग्रजी लिहायला शिकेल." ते म्हणाले, "ते नाही आलं तरी चालते. बोलता आलं पाहिजे." प्रवेश झाला. बोलता तिला पहिल्या दिवसापासून येत होतं. थांबता मात्र शेवटपर्यंत आलं नाही.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. तीन वर्षांची पदवी. सकाळचे दोन तास माझे: व्याकरण, निबंध, कविता, कादंबरी. नंतरचे दोन तास माध्यमांचे: बातमी, मुलाखत, जाहिरात, कॅमेरा. कॅमेरा एकच होता. त्याची प्रकृती नाजूक असल्यामुळे तो प्राचार्यांच्या कपाटात विश्रांती घेत असे. दोन्ही विषय एकमेकांना पूरक आहेत असं माहितीपत्रकात छापलं होतं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. एका विद्यार्थ्यानं माझ्या पेपरात एका शोककवितेचा सारांश असा सुरू केला: सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार कवीच्या मित्राचं निधन झालं असून कवी दुःखी आहे. मी पूर्ण गुण दिले. त्या कवितेत याहून जास्त काही घडतही नाही.

माध्यमं शिकवायला देशकर सर आले. तिशीतले, हसतमुख. त्याआधी ते लग्नसमारंभांचं व्यवस्थापन करत, आणि आमच्या कॉलेजात पाहुण्यांचे सत्कार एवढे होत की तो अनुभव अजिबात वाया गेला नाही. बातमीला, कवितेला, भाषणाला, सूचनाफलकावरच्या नोटिसीलाही ते 'कंटेंट' म्हणत. पण पहिल्याच तासाला त्यांनी मुलांना नीट सांगितलं होतं की बातमीत कोणी, काय, कधी, कुठे, का आणि कसं या सगळ्याचं उत्तर हवं, आणि निदान तीन ठिकाणांहून खात्री करून घ्यायला हवी. वर्गातल्या एका मुलीनं ते खरं मानलं. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

तिला मी करुणा गजभिये म्हणते. घर शहरातच, नंदनवनला. पहिल्या वर्षी 'माझं कुटुंब' या निबंधात तिनं इंग्रजीत वडिलांबद्दल एक वाक्य लिहिलं होतं. माझे वडील वजन करतात, असं तिला म्हणायचं होतं. वाक्यातून अर्थ निघत होता, माझ्या वडिलांचं वजन आहे. पुढे आकडा नव्हता. मी समासात लाल शाईनं लिहिलं, 'किती किलो?' दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली.

"मॅडम, माझे बाबा जाड नाहीत. ते कळमन्याच्या धान्यबाजारात मापारी आहेत. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढते, बाबा वजन पाहून पुकारते. हे इंग्रजीत कसं लिहा लागते?"

मला तो शब्द इंग्रजीत येत नव्हता. एम.ए. पहिल्या वर्गात. तिला एक गोल गोल वाक्य करून दिलं. तिनं ते लिहून घेतलं, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. आमच्या ओळखीची सुरुवात अशी झाली.

ती तिसऱ्या वर्षाला असताना आणि माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले असताना कॉलेजच्या तपासणीसाठी समिती येणार असं कळलं. समिती म्हणजे बाहेरगावचे तीन प्राध्यापक. ते दोन दिवस कॉलेज पाहतात आणि श्रेणी देतात. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांनी मुलीकडे पाहुणे येण्याची तयारी आठवावी. फक्त इथे मुलगी पन्नास वर्षांची असते आणि तिला रंग भिंतीसकट दिला जातो. आमच्या अहवालात 'सुसज्ज भाषा प्रयोगशाळा' असा उल्लेख होता. अहवाल आधी लिहिला गेला होता. प्रयोगशाळा राहून गेली होती.

मंगळवारी सकाळी एक टेम्पो आला. त्यातून वीस संगणक आणि वीस हेडफोन उतरले. जिन्याखालची जुनी खोली पिवळी झाली, दारावर पाटी लागली. बुधवारी समिती आली तेव्हा आमचे वीस विद्यार्थी पांढरे कपडे घालून, कानाला हेडफोन लावून पडद्याकडे पाहत बसले होते. पडद्यावर डोंगराचं चित्र होतं. हेडफोनमध्ये काहीच नव्हतं, कारण वाजवायला काही आणलेलंच नव्हतं. कोणी विचारलं तर 'उच्चार ऐकतो आहोत' असं सांगायचं, हे देशकर सरांनी पढवून ठेवलं होतं.

समितीतले वयस्कर प्राध्यापक नेमके करुणाजवळ थांबले आणि इंग्रजीत विचारलं, "काय ऐकते आहेस, बेटा?"

ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सायलेन्स, सर."

माझ्या पायाखालची फरशी हलली. पण ते प्राध्यापक इंग्रजी साहित्याचे होते. त्यांनी डोळे मिटले, दोनदा मान डोलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. संध्याकाळी प्राचार्यांनी मुलांची साहित्यिक जाण वाढवल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. मी ते स्वीकारलं. आलेलं अभिनंदन परत करायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

शुक्रवारी तोच टेम्पो आला आणि संगणक घेऊन गेला.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना दर सत्रात चार पानी इंग्रजी वृत्तपत्र काढावं लागे. बातम्या त्यांनी गोळा करायच्या, बातमी म्हणून त्या देशकर सरांनी पाहायच्या, भाषा मी तपासायची, आणि गुणपत्रकावर आम्हा दोघांच्या सह्या लागत. चाळीस गुण. सोळाच्या खाली गेलं की अंतिम परीक्षेला बसता येत नसे, म्हणजे वर्ष गेलं. मुलं सहसा वृक्षारोपणाची बातमी देत. एकच झाड तीन सत्रं पुरायचं.

करुणानं दिलेल्या बातमीचा मथळा होता: मंगळवारी आले, शुक्रवारी गेले. खाली दीडशे शब्द. गेटवरच्या चौकीदाराच्या नोंदवहीत टेम्पो आल्याची आणि गेल्याची नोंद होती, ती तिनं पाहिली होती. संगणक भाड्यानं देणाऱ्या दुकानदाराला भेटली होती. तो भला माणूस, अभिमानानं म्हणाला होता की आम्ही अनेक संस्थांना अशी सेवा देतो. आणि स्वतः त्या वीस जणांत बसली होती. तीन ठिकाणांहून खात्री. भाषेच्या चुका होत्या, पण बातमीत चूक नव्हती.

देशकर सरांनी तो कागद माझ्याकडे आणून दिला. "मॅडम, फार निगेटिव्ह कंटेंट आहे. तुम्ही जरा भाषेकडून बघा ना."

भाषेकडून मी बरंच काही बघू शकते. तीस वर्षांचा सराव आहे. अर्ध्या तासात मी ती बातमी इतकी सभ्य केली की तिला कुठेही न्यावं. सगळी वाक्यं कर्मणी प्रयोगात घातली. प्राचार्यांनी संगणक आणवले, याचं झालं: काही उपकरणं उपलब्ध करून देण्यात आली होती. परत पाठवले, याचं झालं: कालांतराने ती हलवण्यात आली. करुणाला बोलावून कागद दाखवला. तिनं तो दोनदा वाचला.

"मॅडम, याच्यात तर कॉम्प्युटर आपोआप आले न् आपोआप गेले."

"इंग्रजीत औपचारिक लेखन असंच करतात."

"पण 'कोणी' हे काहून काढलं? सर तर म्हणाले का बातमीत पहिले तेच पाहिजे."

"तू नीट वाच. खोटं काहीच नाही यात."

"हो, खोटं नाही," ती म्हणाली. "पण कोणाले काही समजत पण नाही." मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाली, "माझं नाव काढून टाका मॅडम याच्यावरून. तुमचं इंग्रजी आहे हे."

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. दोन दिवसांनी प्राचार्यांनी मला बोलावलं. बातमी नकोच, असं ते म्हणाले. तिच्या जागी भाषा प्रयोगशाळेवर एक छानसा लेख हवा. मला कोणी धमकावलं नाही, हे मुद्दाम सांगते, कारण अशा आठवणींत धमकी असली की लिहिणारीची अब्रू वाचते. ते फक्त म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखं इंग्रजी या कॉलेजात दुसऱ्या कोणाचं आहे?" मी घरी, प्रताप नगरला, चहा पीत तीनशे शब्द लिहिले. 'अत्याधुनिक', 'ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी वरदान', 'उच्चारांतील आमूलाग्र बदल'. लेख सुंदर झाला होता. मी तो दोनदा मोठ्यानं वाचून पाहिला.

अंक निघाल्यावर करुणा स्टाफरूममध्ये आली आणि माझ्यासमोर एक प्रत ठेवून गेली. माझ्या लेखातल्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ होती आणि समासात मी मुलांच्या वह्यांवर लिहिते तशा बारीक अक्षरात शेरे होते. कोणी पाहिलं? कोणत्या विद्यार्थ्याला विचारलं? ही खोली कुठे आहे? व्याकरणाची चूक एकही काढलेली नव्हती. काढता आली असती तर तिनं काढली असती, एवढी ती मला ओळखत होती.

मी ती प्रत ड्रॉवरमध्ये ठेवली आणि वर हजेरीपट ठेवला.

महिन्याभरानं गुणपत्रक आलं. करुणाला अकरा गुण. देशकर सरांची सही झालेली होती, माझी जागा रिकामी होती. मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तिचं काही छापूनच आलं नाही. छापून आलं नाही तर गुण कशाचे देऊ?" छापलं आपण नाही, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "उद्या बघते."

त्या 'उद्या'ला, गुणांची कुणकुण लागून, तिचे वडीलच आले. बारीक अंगाचे, धुतलेला शर्ट घातलेले. मी खुर्ची दिली तरी उभेच राहिले. मागे करुणा.

"मॅडम, पोरीचं साल नका जाऊ देऊ," ते म्हणाले. "तिचं चुकलं असन तर ते माफीनामा लिहून देते. तुमी फक्त सांगा, इंग्रजीत कसा लिहा लागते ते."

"तिनं चूक नाही केली, गजभिये भाऊ."

"मंग मार्क काहून कमी?"

"त्यात काही तांत्रिक गोष्टी असतात," मी म्हटलं.

"तांत्रिक," ते म्हणाले. "आमच्याकडं काटा बिघडला का तांत्रिक म्हणते."

ते हे टोचून बोलले नव्हते. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं, म्हणून मला जास्त लागलं. ते पुढे म्हणाले, "आमचे बाबा छप्पन साली दीक्षाभूमीवर होते. तवापासून घरात एकच गोष्ट हाय, शिका लागते. हे पहिली पोरगी आमच्या घरातली कॉलेजवाली. माफी मागून काम होत असन तर मागन ते. लिहून दे ना वं."

करुणा बसली. कागद घेतला, पेन उघडलं. आणि मी, जी नको म्हणू शकत होते, सांगायला लागले. मला मनापासून खेद होतो, असं पहिलं वाक्य इंग्रजीत सांगितलं. तिनं लिहिलं आणि वर पाहिलं.

"कशाचा खेद, मॅडम? पुढं काय लिहू?"

"बातमी दिल्याचा."

"बातमी खोटी होती का?"

"नाही."

"मंग खरी बातमी दिल्याचा खेद होते, असं लिहू?"

तिचं पेन कागदावर टेकलेलं होतं. मी हो म्हटलं असतं तर तिनं ते लिहिलं असतं. मी टेबलावरचे कागद सरळ करू लागले. तिच्या वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, पण हे सगळं बोलणं मराठीत झालं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मुलीच्या हाताखालचा कागद काढून घेतला, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला.

"राहू दे वं. चाल घरी." मग मला म्हणाले, "साल गेलं तर गेलं, मॅडम. येतो."

ते दोघं गेले. मी काटोलजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. माझे वडीलही एकदा माझ्या फॉर्मवर सही करायला असेच कॉलेजात आले होते आणि खुर्चीवर बसले नव्हते. त्या दिवशी मला त्यांची लाज वाटली होती. आज ज्याची लाज वाटत होती ते माणूस टेबलाच्या अलीकडे बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षा विभागात जाऊन सही करणार नाही असं सांगितलं. देशकर सर धावत आले. प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"मॅडम, पाच महिने राहिले तुमचे," ते म्हणाले. "शांततेत जाऊ द्या ना."

"जाऊ द्या," मी म्हटलं. "फक्त अकरा गुणांची कारणं लेखी द्या. चार मुद्दे आहेत, प्रत्येकी दहा गुणांचे. बातमी मिळवणं, अचूकपणा, भाषा, मांडणी. भाषेचे गुण मी देते. अचूकपणात शून्य दिलंय. तिच्या बातमीत कोणती गोष्ट चुकीची होती, तेवढं देशकर सरांनी लिहून सही करावी. मग माझीही सही घ्या."

त्या खोलीत पंखा चालू होता आणि तिघंही त्याच्याकडे पाहत होतो. चुकीचं काय ते लिहायचं, तर बरोबर काय तेही लिहावं लागणार होतं, आणि आमच्या कॉलेजात त्या संगणकांबद्दलचा एकही कागद कोणाला नको होता. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. इतकी वर्षं सरकारी पत्रव्यवहार केल्यावर माणसाला एवढं कळतंच की लेखी मागितलं की लोक उदार होतात. दुपारपर्यंत नवं गुणपत्रक आलं. करुणा गजभिये, तेहतीस. देशकर सरांनी सही केली आणि मला म्हणाले, "मॅडम, मी पर्सनली तिच्या फेव्हरमध्येच होतो." असतीलही. ते प्रत्येकाच्याच फेव्हरमध्ये असत.

मला वाटलं होतं, ती भेटायला येईल. येताना पेढे आणेल, असंही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. ती आली, निकालाच्या दिवशी, रिकाम्या हातानं.

"मार्क बरोबर आहेत मॅडम," ती म्हणाली. "पण बातमी छापायले पाहिजे होती."

"हो," मी म्हटलं.

ती आणखी काही ऐकायला जरा थांबली. मग ती गेली.

कॉलेजला उत्तम श्रेणी मिळाली. श्रेणीमुळे अनुदान मिळालं आणि अनुदानातून पुढच्या वर्षी खरे संगणक आले. त्यामुळे आता ती गोष्ट काढली की लोक म्हणतात, मॅडम, शेवटी चांगलंच झालं ना. माझा लेख फक्त एक वर्ष आधी छापला गेला, असं समजायचं. माझ्या निरोप समारंभाचं सूत्रसंचालन देशकर सरांनी केलं. शाल मिळाली. श्रीफळ त्या दिवशी कमी पडलं म्हणे. भाषणाला दोन मिनिटं होती. तीही मी पूर्ण वापरली नाहीत.

करुणा आता इथल्याच एका इंग्रजी वर्तमानपत्रात वार्ताहर आहे. बाजार समित्या, शाळा, वस्त्यांमधलं पाणी अशा बातम्या देते. तिची वाक्यं छोटी असतात. कधीकधी एखादं शब्दयोगी अव्यय चुकतं. मी पेन्सिल उचलते आणि ठेवून देते.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा तिला फोन केला. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी सांगितलं की ते संगणकांचं सगळं लिहिणार आहे, माझ्या त्या लेखासकट. तुझी हरकत आहे का?

मागे ऑफिसचा आवाज येत होता. ती कोणाला तरी म्हणाली, थांब दोन मिनिटं. मग मला म्हणाली, "लिहा मॅडम. बाबा अजून कळमन्यातच आहेत, म्हणून माझं नाव बदलवून टाका. तुमचं मात्र राहू द्या."

तेव्हा करुणा गजभिये हे तिचं नाव नाही. खाली छापलेलं वसुधा बोंडे हे नाव माझंच आहे.